पोटावर स्टेथो ठेवताना: आतड्याचे आवाज कसे ऐकायचे, कुणाचे कसे, आणि त्यावरून काय ठरवायचं नाही

केस पेपरवर "पोट सॉफ्ट, बीएस प्लस" (म्हणजे पोट मऊ, आतड्याचे आवाज आहेत) एवढं लिहिलेलं असतं ना, त्यातलं किती खरंच पोटावर स्टेथो ठेवून लिहिलेलं असतं ते देवालाच ठाऊक. मागच्या ड्युटीवालीने लिहिलं म्हणून पुढचीने लिहिलं, तिने लिहिलं म्हणून रात्रपाळीवालीने, आणि सकाळी सर्जन राऊंडला येऊन चादर बाजूला करतो तर पोट टम्म. म्हणून हे लिहितेय, मुख्य म्हणजे नवीन लागलेल्या पोरींसाठी आणि पोरांसाठी (आता पोरगेही नर्सिंगला येतात, बरंच आहे), जे गोव्यात बांबोळीला शिकतात आणि मग पेडणे, साखळी, वाळपई, फोंडा कुठेतरी लागतात. लहान हॉस्पिटलात रात्री पोट दुखतं म्हणून पेशंट आला की डॉक्टर येईपर्यंत पहिला हात तुमचाच लागतो त्या पोटाला.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. आवाज कसला असतो? आतडं आकुंचन पावतं तेव्हा आतली हवा आणि पाणी एकत्र ढवळलं जातं, त्याचा. म्हणजे आवाज आला याचा अर्थ तिथे हवा-पाणी हललं एवढाच, ते पुढे सरकलं असा नाही. वॉल्टर कॅनन नावाच्या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९०५ साली पोटाच्या आणि आतड्याच्या या आवाजांवर पेपर लिहिला, म्हणजे शंभर वर्षांवर झाली आपण सगळे पोट ऐकतोय, आणि तरी अलीकडे काही ठिकाणी डॉक्टरांना रेकॉर्ड केलेले आवाज ऐकवून हे नॉर्मल की बंद आतड्याचं की अडकलेल्या आतड्याचं असं विचारलं तेव्हा त्यांना ते खात्रीने सांगता आलं नाही. मग ऐकायचंच कशाला असं म्हणाल. ऐकायचं, कारण कालच्यापेक्षा आज बदल झाला का ते कळतं, आणि ऐकायच्या निमित्ताने तुम्ही पाच मिनिटं त्या पोटाजवळ थांबता, जे एरवी कुणीच थांबत नाही. पण नुसत्या आवाजावर काही ठरवायचं नाही. पुढे सगळीकडे मी हेच सांगत राहणार आहे, कंटाळा आला तरी.

तयारी

पेशंटला लघवीला जाऊन यायला सांगा, भरलेलं मूत्राशय मध्ये येतं आणि दाबल्यावर दुखतं. मग उताणं झोपवा, डोक्याखाली उशी, गुडघे थोडे वाकवून, हात बाजूला. हात डोक्यामागे घेतले की पोट ताणलं जातं. पडदा ओढा. पंखा कमी करा, बाजूच्या बेडवरचा मोबाईल बंद करायला सांगा, आणि पावसाळ्यात पत्र्याच्या शेडवर पाऊस कोसळत असेल तर सर थांबेपर्यंत थांबा, त्या आवाजात ऐकून काही लिहू नका. स्टेथोचा डायफ्रॅम (चपटी बाजू) तळहातावर चोळून गरम करा कारण गार लागलं की पोटाचे स्नायू आकसतात आणि केसाळ पोटावर नुसती खरखर ऐकू येते, तिथे जरा ओलं बोट फिरवून केस बसवले की फरक पडतो.

रायल्स ट्यूब (नाकातून जठरात जाणारी नळी) घातलेली असेल आणि ती सक्शनला लावलेली असेल तर ऐकण्यापुरतं सक्शन बंद करा किंवा ट्यूब क्लॅम्प करा. हे विसरलं जातं. सक्शनचा आवाज थेट पोटात ऐकू येतो आणि अगदी आतड्यासारखाच वाटतो. ऐकून झालं की परत चालू करायला विसरू नका, ते जास्त वाईट.

विचारायचं काय? शेवटचं कधी जेवला, उलटी झाली का आणि रंग कसला, शेवटचं मोशन कधी, गॅस जातो का. आपल्याकडे बरेचसे पेशंट कोंकणीत बोलतात, म्हातारी माणसं तर कोंकणीतच, तेव्हा "फ्लॅटस पास झाला का" विचारलंत तर मान हलवतील आणि तुम्ही "हो" लिहून मोकळे. सरळ "गॅस गेलो?" विचारा, दोनदा विचारा. पुरुष मंडळी तरुण नर्सला हे सांगायला लाजतात, मग बायकोला विचारायचं, ती बरोबर सांगते.

आधी बघा, मग ऐका

बाकी सगळीकडे बघणं, चाचपणं, ठोकणं, मग ऐकणं असं शिकवतात, पोटाला मात्र बघा, ऐका, ठोका, आणि शेवटी चाचपा. आधी दाबलं तर आतड्याची हालचाल बदलू शकते असं पुस्तकात कारण दिलेलं असतं, पण मला विचाराल तर दुसरं कारण जास्त खरं आहे, दुखऱ्या पोटाला आधी दाबलंत की पेशंट तुम्हाला पुन्हा हात लावू देत नाही, श्वास धरून बसतो.

बघताना फुगवटा, जुन्या ऑपरेशनचे व्रण, त्वचा ताणून चकचकीत झालीय का, बारीक माणसात आतड्याची लाट त्वचेखालून सरकताना दिसते का. आणि दोन्ही जांघा उघडून बघायच्याच. पोट दुखतं, उलट्या होतात म्हणून आलेल्या आजोबांच्या जांघेत अडकलेला हर्निया लुंगीखाली तसाच राहतो आणि सगळे पोटावर स्टेथो फिरवत बसतात.

आता ऐकायचं. डायफ्रॅम हलका ठेवा, दाबू नका. सुरुवात उजव्या खालच्या बाजूला, बेंबी आणि उजव्या कमरेच्या हाडाच्या मधोमध, कारण लहान आतडं मोठ्या आतड्याला जिथे मिळतं ती झडप तिथे असते आणि तिथे आवाज बहुतेक वेळा मिळतोच. मग वर उजवीकडे, वर डावीकडे, खाली डावीकडे. परीक्षेत चारही क्वाड्रंट (पोटाचे चार भाग) करून दाखवा, मार्क त्याचे आहेत. पण आवाज पोटभर पसरतो, त्यामुळे "डाव्या वरच्या क्वाड्रंटला नाही, म्हणजे तिथलं आतडं बंद" असा नकाशा काढता येत नाही. प्रत्यक्षात उजवीकडे खाली स्पष्ट ऐकू आलं तर तिथेच घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा.

मोठ्या माणसात मिनिटाला साधारण ५ ते ३० आवाज नॉर्मल, काही पुस्तकं ३४-३५ पर्यंत जातात, त्यावर वाद घालू नका. ते एका लयीत नसतात, कधी दोन-तीन लागोपाठ येतात मग बराच वेळ काहीच नाही, म्हणून पंधरा सेकंद ऐकून चाराने गुणणं इथे चालत नाही, ते नाडीसाठी. जेवल्यावर वाढतात, कडकडून भूक लागली तरी वाढतात. ५ पेक्षा कमी म्हणजे मंद. आणि "नाहीत" असं लिहायचं असेल तर पूर्ण ५ मिनिटं ऐकलेलं पाहिजे, घड्याळात बघून, मनातल्या मनात नाही. एकदा करून बघा, पाच मिनिटं किती लांब असतात ते कळेल, दोन मिनिटांतच माणूस उठतो. पाच मिनिटं नसतील तर तसंच लिहा, "२ मिनिटं ऐकलं, ऐकू आले नाहीत". ते खरं तरी असतं.

स्टेथोची बेलची (वाटीसारखी) बाजू रक्तवाहिन्यांसाठी. बेंबीच्या वर मध्यभागी नाडीबरोबर लयीत सूं-सूं असा आवाज आला तर तो आतड्याचा नाही, तिथे जोरात दाबायचं नाही आणि डॉक्टरांना सांगायचं.

आवाजाचा प्रकारही लिहायचा, नुसती संख्या नको. साधी गुडगुड वेगळी, लांबून ऐकू येणारा गडगडाट वेगळा, आणि अडकलेल्या आतड्यात सुरुवातीला येतो तो बारीक उंच आवाज एकदम वेगळा, पातेल्यात वरून थेंब पडावेत तसा टिंग टिंग, आणि पोटात कळ येते नेमकं तेव्हाच त्याची झुंबड उडते. आवाज आणि कळ एकाच वेळी, हे महत्त्वाचं, म्हणून एका हाताने स्टेथो धरून डोळे पेशंटच्या चेहऱ्यावर ठेवा.

ऑपरेशननंतरचं पोट

पोटाचं ऑपरेशन झालं की आतडं काही काळ सुस्त होतं. साधारणपणे लहान आतडं आधी जागं होतं, २४ तासांच्या आत, मग जठर २४ ते ४८ तासांत, आणि मोठं आतडं सगळ्यात शेवटी, ४८ ते ७२ तासांत. आता विचार करा, पहिल्या दिवशी संध्याकाळी तुम्हाला दोन-चार गुडगुडी ऐकू आल्या तर त्या कुणाच्या? बहुतेक लहान आतड्याच्या. मोठं अजून झोपलेलंच आहे. म्हणून "आवाज आले, आता खायला द्या" हे जुनं गणित बरोबर नाही, आणि "आवाज नाहीत, पाण्याचा थेंब देऊ नका" हेही नाही, हल्ली बरेच सर्जन लवकर सिप्स (घोट घोट पाणी) चालू करतात, पेशंटला दुसऱ्या दिवशी चालवतात. त्यामुळे कधी काय द्यायचं ते ऑर्डर बघून, आणि ऑर्डर नसेल तर विचारून. नातेवाईकांचं एक वेगळंच, त्यांनी सकाळीच डब्यातून पेज आणलेली असते, वर सोलकढीसुद्धा, आणि तुम्ही पाठ फिरवली की दोन चमचे तोंडात. त्यांच्यावर ओरडून उपयोग नाही, कधीपासून देता येईल ते नीट सांगा आणि किती दिली ते आम्हाला सांगा म्हणा, मग लपवत नाहीत.

आतडं खरंच चालू झालं हे गॅस गेल्यावर, मोशन झाल्यावर आणि तोंडाने घेतलेलं पोटात राहिल्यावर कळतं. आवाजाचं महत्त्व त्याच्या मागून.

कुठे सावध व्हायचं? तिसऱ्या-चौथ्या दिवशी आधी बरं असलेलं पोट फुगायला लागलं, उचकी लागली, मळमळ, रायल्समधून येणारं वाढलं, तर आवाज असोत नसोत, सांगा. त्याबरोबर पोटॅशियमचा रिपोर्ट काढून बघा, ३.५ च्या खाली असेल तर आतडं मंदावू शकतं, आणि औषधांचा चार्ट बघा, मॉर्फिन, फेंटानिल, ट्रामाडॉल ही दुखण्याची औषधं आतड्याला झोपवतात. डॉक्टरला फोन करायच्या आधी हे दोन्ही हातात असलं की पुढचं काम पटकन होतं. आणि ज्याच्या आतड्याला जोड दिलाय त्याचे पल्स वाढत चालले, ताप आला, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय, विशेषतः पाचव्या-सातव्या दिवसाच्या आसपास, तर जोड लीक होतोय की काय अशी शंका घ्यायची. तेव्हा "पण आवाज आहेत" म्हणून गप्प बसायचं नाही.

ऑर्थो वॉर्डवाल्यांनो, तुम्ही पण. खुब्याचं हाड मोडलेली आजी, कमरेचं किंवा मणक्याचं फ्रॅक्चर, दिवसरात्र पाठीवर आणि वरून ट्रामाडॉल, यांचं पोट हळूहळू फुगतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही कारण सगळ्यांचं लक्ष पायाकडे. रोज एकदा चादर बाजूला करून पोट बघा, बस.

अडकलेलं पोट

इथे लोकांची सगळ्यात जास्त फसगत होते कारण आवाज वेळेप्रमाणे बदलतो. आतड्यात अडथळा आला की सुरुवातीला आतडं जोर लावतं, तेव्हा आवाज वाढलेले, उंच, कळ आली की धावत येणारे. तासातासाने आतडं थकतं आणि आवाज कमी होत होत थांबतात. मग पेशंट म्हणतो कळ कमी झाली. नातेवाईक खूष. तुम्ही खूष होऊ नका. फुगलेलं पोट, गॅस-मोशन बंद, आधी भरपूर आवाज होते आणि आता शांत, वर पल्स वाढलेले आणि कळेच्या जागी सतत दुखणं, म्हणजे आतड्याचा रक्तपुरवठा जाण्याची किंवा आतडं फुटण्याची वेळ आलेली असू शकते. लाकडासारखं कडक पोट आणि पूर्ण शांतता हे तर सर्जनला झोपेतून उठवायचंच कारण, पेरिटोनायटिस (पोटाच्या आतल्या आवरणाला सूज) धरूनच चालायचं. टायफॉइडच्या पेशंटला दोन-तीन आठवड्यांच्या तापानंतर अचानक पोटात दुखलं तरी हेच.

आणि याच्या उलट एक पेशंट लक्षात ठेवा. वय झालेलं, नाडी अनियमित, एट्रियल फिब्रिलेशन म्हणून आधीच औषधं चालू, आणि पोटात इतकं दुखतंय की तळमळतोय, पण पोटाला हात लावाल तर मऊ, आवाजही नॉर्मल. नाटक करतोय असं वाटतं. आतड्याच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की सुरुवातीला अगदी असंच असतं, दुखणं प्रचंड आणि तपासणीत काही नाही. इथे "बीएस प्लस" हे दोन शब्द पेशंटचा जीव घेऊ शकतात कारण ते वाचून पुढचा माणूस निवांत होतो.

जुलाब, रक्त

पावसाळ्यात गॅस्ट्रो येतात, रस्त्याकडेला घेतलेली अळमी (रानातली अळंबी) खाऊन उलट्या-जुलाब सुरू झालेलेही येतात, चवथीनंतर तर नेवऱ्या आणि काय काय खाऊन. आवाज वाढलेलेच असणार, त्यात विशेष नाही, तिथे तुमचा वेळ डोळे, जीभ, लघवी आणि बीपी बघण्यात घाला. फक्त अळमी खाल्लेल्यांची एक नोंद करा, खाल्ल्यानंतर किती तासांनी सुरू झालं ते, सहा तासांच्या नंतर उशिरा सुरू झालं तर लिव्हरला धोका असणारी जात असू शकते, आणि अशांना एक दिवस बरं वाटून मग बिघडतं. जठरातून रक्त जात असेल तरी आवाज वाढतात कारण रक्त आतड्यात जुलाबाच्या औषधासारखं काम करतं, तेव्हा गडगडणारं पोट आणि काळं चिकट मोशन दिसलं की पल्स-बीपी लगेच.

विष घेतलेले

बागायतीतलं फवारणीचं औषध प्यायलेला पेशंट, ऑर्गॅनोफॉस्फेट, हा कुठल्याही कॅज्युअल्टीला येऊ शकतो. घाम, लाळ, बारीक बाहुल्या, छातीत घरघर आणि पोटात जोरात गडगड, जुलाब. अॅट्रोपिन (त्यावरचं उताऱ्याचं औषध) चालू केलं की आपण दर थोड्या वेळाने बघायचं: छाती कोरडी झाली का, पल्स ८० च्या वर आला का, वरचं बीपी ८० च्या वर आहे का, काख सुकली का. पोट ऐकण्याचा इथे खरा उपयोग आहे आणि तो उलट्या दिशेने आहे. आवाज कमी झाले तर ठीक, पण पूर्ण बंद झाले, त्यात ताप चढला, पेशंट बडबडायला आणि अंथरुण ओढायला लागला, लघवी अडली, तर अॅट्रोपिन जास्त झालंय. इन्फ्युजन स्वतः कमी-जास्त करायचं नाही, डॉक्टरला बोलवायचं आणि हे चारही एका वाक्यात सांगायचं. म्हणून या पेशंटचा चार्ट करताना पल्स-बीपीच्या शेजारी आवाजाचा एक रकाना ठेवाच, मी तर पेनाने आखून घेते.

किनारपट्टीकडे ड्युटी करणाऱ्यांसाठी अजून एक. पार्टीतून आणलेला, डोळे विस्फारलेले, पल्स धावतोय, बांधून ठेवावं लागतंय, काय घेतलंय ते मित्र सांगत नाहीत. त्वचा घामाने ओली आणि पोटात आवाज आहेत तर उत्तेजक गोळ्यांच्या बाजूचं काहीतरी, त्वचा गरम कोरडी आणि पोट शांत तर धोतऱ्यासारखं काहीतरी. पक्कं निदान नव्हे, पण डॉक्टरला दिशा मिळते. धोतरा आपल्याकडे परसात पण उगवतो, पोरं बिया खातात, तेव्हा हे बीचवरच होतं असं नाही.

म्हातारी माणसं

आठ-दहा दिवस मोशन नाही आणि आज अचानक पातळ थोडं थोडं होतंय, घरचे म्हणतात जुलाब लागले, बंद व्हायचं औषध द्या. थांबा. कडक मळ साठून राहतो आणि त्याच्या बाजूने पातळ गळतं, आवाजही चांगले वाढलेले असू शकतात. डॉक्टर बोटाने तपासेपर्यंत जुलाब थांबवायचं काही देऊ नका. औषधांची पिशवी मागून घ्या, लोह, कॅल्शियम, अमिट्रिप्टिलिन, व्हेरापामिल, सर्दीच्या गोळ्या, सगळी आतडं मंदावणारी मंडळी एकाच पिशवीत सापडतात. आणि आजी-आजोबांना कान कमी ऐकू येतो म्हणून तुम्ही मोठ्याने विचारता, "मोशन झालं का", अख्ख्या वॉर्डासमोर. पडदा ओढून जवळ बसून विचारा ना.

गरोदर बाई, सिझेरियन

प्रोजेस्टेरॉनमुळे आतडं मुळातच मंद असतं आणि गर्भाशयाने ते वर आणि बाजूला ढकललेलं असतं, त्यामुळे शेवटच्या महिन्यांत नेहमीच्या जागी ऐकू आलं नाही तर वर बाजूला जाऊन ऐका. आईच्या नाडीच्या लयीत वाऱ्यासारखं सूं ऐकू आलं तर ते गर्भाशयातलं रक्त, आतडं नव्हे. अपेंडिक्सही वर सरकू शकतं, म्हणजे उजवीकडे वर दुखतंय म्हणून अॅसिडिटी म्हणू नका.

सिझेरियननंतर, स्पायनलमध्ये (पाठीत इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर करून) झालेल्या, काही गुंतागुंत नसलेल्या बाईला हल्ली काही तासांतच पाणी-चहा सुरू करतात, च्युइंग गम चघळायला दिला तर गॅस लवकर जातो हेही अभ्यासांत दिसलंय, ऑर्डर असेल तर द्या. सासू नाक मुरडेल, बाळंतिणीला गम कसला म्हणून, समजावून सांगा.

बाळं

नवजात बाळाच्या पोटात जन्मानंतर साधारण तासाभरात आवाज यायला लागतात. छोटा चेस्टपीस, गरम केलेला, आणि बाळ रडायच्या आधी, आईच्या कुशीतच. रडतं बाळ ऐकून काहीही लिहू नये. पहिलं काळं शी २४ तासांत झालं की नाही हे आवाजापेक्षा महत्त्वाचं, नसेल तर सांगा. आणि हिरवी उलटी. नवजात बाळाची हिरवी उलटी म्हणजे आतडं पिळलं गेलंय असं धरून लगेच फोन, पोट मऊ असू दे, आवाज असू दे, काहीही असू दे.

वेळेआधी जन्मलेलं, दूध सुरू केलेलं बाळ, पोट फुगतंय, ट्यूबमधून हिरवट येतंय, शीमध्ये रक्त, मधूनच श्वास थांबतो: दूध थांबवून डॉक्टर. जन्मल्याबरोबर श्वास लागलेलं बाळ, पोट आत ओढलेलं आणि छातीत गुडगुड ऐकू येतेय, तर आतडं छातीत चढलेलं असू शकतं, अशा बाळाला मास्कने बॅगिंग (पिशवी दाबून हवा देणं) करू नये, हवा आतड्यात भरते आणि फुप्फुस अजून दाबतं, श्वासनलिकेत नळीच घालावी लागते. थोडं मोठं, सहा महिने ते दोन वर्षांचं, मधूनमधून किंचाळून पाय पोटाशी घेतं आणि मध्येच अगदी शांत पडतं, ते आतड्यात आतडं शिरण्याचं चित्र आहे, लाल जेलीसारखी शी यायची वाट बघू नका, ती उशिरा येते.

आयसीयू

व्हेंटिलेटरचा आवाज पोटापर्यंत जातो, तेव्हा श्वासाबरोबर येणारा आवाज मोजू नका. "आवाज नाहीत म्हणून फीड (नळीतून अन्न) सुरू केलं नाही" हे अजून ऐकायला मिळतं. अमेरिकेच्या २०१६ च्या गाईडलाइनमध्येच स्पष्ट म्हटलंय की फीड सुरू करायला आवाजाची किंवा गॅसची वाट बघायची गरज नाही. बीपी टिकवायला नॉरअॅड्रेनालिन वाढवत चाललेत आणि पोट फुगतंय तर ते वेगळं, तेव्हा फीड चालू ठेवायचं का ते आधी विचारा.

एक सवय मात्र मोडा: रायल्स ट्यूबमध्ये सिरिंजने हवा मारून पोटावर घुर्र ऐकलं की ट्यूब बरोबर जागी असं म्हणणं. ट्यूब फुप्फुसात असली तरी तसाच आवाज येऊ शकतो. ओढलेल्या पाण्याचा पीएच ५.५ किंवा कमी, नाहीतर एक्स-रे.

स्टोमा (पोटावर बाहेर काढलेलं आतड्याचं तोंड) असेल तर पिशवीवर किंवा स्टोमावर स्टेथो ठेवू नका, बाजूला ठेवा, आणि स्टोमाचा रंग लाल-गुलाबी आहे का ते आवाजाच्या आधी बघा, काळपट झाला तर लगेच. पोटात पाणी साठलेल्यांचे, जाड माणसांचे आवाज दबलेले येतात, तिथे "मंद" लिहिताना कारणही लिहा.

लिहायचं कसं आणि फोनवर काय बोलायचं

"बीएस प्लस" बंद करा. असं लिहा: "रात्री २.१०, पोट फुगलेलं, बेंबीवर घेर ८८ सेमी (संध्याकाळी ८४), उजवीकडे खाली १ मिनिटात ३ आवाज, बारीक, कळेबरोबर नाहीत, काल दुपारपासून गॅस नाही, रायल्स ४०० एमएल हिरवट, पल्स ११२." घेर मोजताना पेनाने दोन्ही बाजूंना खूण करून ठेवा, नाहीतर प्रत्येक ड्युटीवाली वेगळ्या जागी टेप लावते आणि पोट कागदावरच कमी-जास्त होत राहतं. हँडओव्हरला शक्य असेल तर दोघींनी एकदम ऐका, एकीने कालचं सांगायचं, दुसरीने आजचं.

फोनवर "सर, पोट बरोबर वाटत नाही" म्हटलंत तर पलीकडून सकाळी बघतो येतं. वरचं वाक्य तसंच वाचून दाखवा, शेवटचं पोटॅशियम आणि कुठलं पेनकिलर कधी दिलं ते सांगा, आणि स्पष्ट विचारा, "येऊन बघणार का, तोपर्यंत एनबीएम (तोंडाने काहीही नाही) ठेवू का, रायल्स सक्शनला लावू का?" तिन्हीचं उत्तर घ्या. मग फोन केल्याची वेळ, कुणाशी बोललात आणि काय सांगितलं ते लिहून ठेवा, नुसतं "डॉक्टर इन्फॉर्म्ड" नको, आणि तासाभराने तेच पोट परत बघून दुसरी नोंद करा.